अकरा मिलिग्रॅमचा फरक

१८९० साली युरोपातल्या कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाला हवेत काय काय असते असे विचारले असते, तर उत्तर द्यायला त्याला थांबावे लागले नसते. पाचातले चार भाग नायट्रोजन, एक भाग ऑक्सिजन, थोडी वाफ आणि नखभर कार्बन डायऑक्साइड. हवेचे पृथक्करण तेव्हा शंभर वर्षांहून जुने झाले होते. शहरातली हवा, डोंगरावरची हवा, बलूनमधून सात किलोमीटर उंचीवर जाऊन भरून आणलेली हवा, सगळी तपासून झाली होती आणि सगळीकडे तेच प्रमाण निघाले होते. हा विषय मिटला, असे सर्वांनी धरले होते. प्रत्यक्षात त्याच हवेत दर शंभर लिटरमागे जवळपास एक लिटर असा एक वायू होता, ज्याला कोणी नाव दिलेले नव्हते, कारण तो आहे हेच कोणाला माहीत नव्हते.

एवढा मोठा ऐवज इतक्या हुशार माणसांच्या नजरेतून सुटला कसा? याचे उत्तर आपल्या शाळेच्या पुस्तकातच आहे. पदार्थ ओळखायच्या दोन वाटा आपण शिकतो. एक भौतिक गुणधर्मांची: रंग, वास, घनता, कितव्या अंशाला उकळतो, पाण्यात किती विरघळतो. हे पाहताना पदार्थ जसाच्या तसा राहतो. दुसरी वाट रासायनिक गुणधर्मांची: जळतो का, गंजतो का, आम्लात टाकल्यावर काय होते. हे कळायचे तर पदार्थाची दुसऱ्या कशाशी तरी गाठ घालावी लागते, आणि त्या गाठीत तो बदलतो. वायू बहुतेक बिनरंगी आणि बिनवासाचे. तेव्हा वायूंच्या अभ्यासकांची सगळी मदार दुसऱ्या वाटेवर असायची. विझत आलेली काडी पुन्हा पेटली की ऑक्सिजन. चुन्याची निवळी दुधाळ झाली की कार्बन डायऑक्साइड. पेटवताच पॉप असा आवाज झाला की हायड्रोजन.

नायट्रोजनची ओळख मात्र सगळी नकारांची होती. तो जळत नाही, दुसऱ्याला जळू देत नाही, निवळी दुधाळ करत नाही. हवेतून ऑक्सिजन काढा, वाफ काढा, कार्बन डायऑक्साइड काढा. मग जे उरेल तो नायट्रोजन. व्याख्याच अशी असल्यावर त्या उरलेल्यात आणखी कोणी बसले असेल, तर ते कळणार कसे?

एका माणसाला ते जवळजवळ कळले होते. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग लिहून ठेवला. अफाट श्रीमंत, कमालीचे अबोल आणि माणसांपासून दूर राहणारे असे हे गृहस्थ मोजमापात अत्यंत काटेकोर होते. हवेत जादा ऑक्सिजन मिसळून त्यांनी त्यातून विजेच्या ठिणग्या पाडल्या. ठिणगीच्या उष्णतेने नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, आणि तयार होणारा वायू क्षाराच्या द्रावणात शोषला जातो. तेव्हा विजेचा पुरवठा नव्हता. हाताने चाक फिरवायच्या यंत्रातून ठिणगी मिळायची. तेवढ्यावर दिवसेंदिवस काम करून त्यांनी नळीतला सगळा नायट्रोजन संपवायचा प्रयत्न केला आणि उरलेला ऑक्सिजनही शोषून घेतला. तरी एक लहानसा बुडबुडा राहिलाच. मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून तो मोठा नव्हता. कॅव्हेंडिश यांनी ते प्रामाणिकपणे नोंदवले आणि पुढच्या कामाला लागले. आज आपल्याला माहीत असलेल्या आकड्याशी ताडून पाहिले तर त्यांचा अंदाज थक्क करणारा आहे. पण त्या बुडबुड्याचे पुढे काय, हे शंभर वर्षे कोणी विचारले नाही. त्या काळच्या उपकरणांची चूक म्हणून ते वाक्य कागदावर पडून राहिले.

दुसरा धागा सुरू होतो तो वजनापासून. विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरांनी १८१५ साली अशी कल्पना मांडली होती की सर्व मूलद्रव्यांची अणुवस्तुमाने हायड्रोजनच्या अणुवस्तुमानाच्या पूर्ण पटीत असावीत. कल्पना देखणी होती, आकडे मात्र तिला पूर्ण साथ देत नव्हते. १८८२ च्या सुमारास हा वाद अचूक मोजमापाने तपासायचा असे लॉर्ड रॅली यांनी ठरवले. जॉन विल्यम स्ट्रट हे त्यांचे मूळ नाव. ते उमराव घराण्यातले, पण केंब्रिजमध्ये कॅव्हेंडिश यांच्याच नावाच्या प्रयोगशाळेत प्राध्यापकी केलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. ते पद १८८४ मध्ये सोडून ते एसेक्समधल्या टर्लिंग या आपल्या गावी परतले आणि वाड्यातच प्रयोगशाळा थाटून काम करू लागले.

वायूचे वजन करायचे म्हणजे काय दिव्य असते, ते सांगायलाच हवे. काचेचा सुमारे १.८ लिटरचा गोल घ्यायचा. पंपाने त्यातली हवा काढून तो तोलायचा. मग ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या दाबाला त्यात वायू भरायचा आणि पुन्हा तोलायचा. वायूचे वजन दोनअडीच ग्रॅम, काचेचे त्याच्या कितीतरी पट. शिवाय गोल स्वतः आजूबाजूच्या हवेत तरंगतो, म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या हवेइतके त्याचे वजन कमी भरते. ही अडचण टाळायला काट्याच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकाराचा दुसरा गोल टांगत. तरीही एक बारीक चूक राहतेच. गोल आतून रिकामा केला की बाहेरच्या हवेच्या दाबाने काच किंचित आकसते आणि हिशेब बिघडतो. रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाची मोजमापे त्या काळी आदर्श मानली जात; त्यांतही ही चूक राहून गेली होती. रॅली यांनी ती दुरुस्त केली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या घनता मोजण्यात त्यांची जवळपास दहा वर्षे गेली. ऑक्सिजन हायड्रोजनच्या १६ पट नाही, १५.८८ पट आहे, हे त्यांनी निश्चित केले. प्राउट यांचा पूर्णांक हुकला.

मग नायट्रोजनची पाळी आली. पहिली पद्धत व्हर्नन हारकोर्ट यांची होती. त्यात हवा आधी अमोनियाच्या द्रावणातून जाते आणि मग लालभडक तापलेल्या नळीतून. हवेतला ऑक्सिजन अमोनियातला हायड्रोजन जाळून टाकतो, त्याचे पाणी होते, आणि मागे नायट्रोजन उरतो. बराचसा हवेतला, थोडा अमोनियातला. आकडे एकमेकांशी छान जुळले. काम इथेच संपले असते, पण एकाच पद्धतीवर विसंबायचे नाही ही रॅली यांची शिस्त होती. दुसरी पद्धत सरळ होती. त्यात हवा आधी अमोनियाच्या द्रावणातून जाते आणि मग लालभडक तापलेल्या नळीतून. हवेतला ऑक्सिजन अमोनियातला हायड्रोजन जाळून टाकतो, त्याचे पाणी होते, आणि मागे नायट्रोजन उरतो. बराचसा हवेतला, थोडा अमोनियातला. हा नायट्रोजन पहिल्यापेक्षा हजारातल्या एका भागाने जड भरला.

हजारात एक! दुसऱ्या कोणी सरासरी काढून विषय संपवला असता. रॅली यांनी उलट केले, आणि या सगळ्या गोष्टीतला माझ्या मते सर्वांत मोठा क्षण हाच आहे. फरक झाकण्याऐवजी त्यांनी तो वाढवायचा प्रयत्न केला. अमोनियातून हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन सोडला, म्हणजे मिळणारा नायट्रोजन सगळाच्या सगळा अमोनियातला. फरक पाचपट झाला, दोनशेत एक. आता तो चुकीच्या पोटात मावणारा नव्हता.

सप्टेंबर १८९२ मध्ये रॅली यांनी ‘नेचर’ साप्ताहिकाला एक छोटे पत्र लिहिले. नायट्रोजनच्या घनतेने आपण बुचकळ्यात पडलो आहोत, वाचकांतल्या रसायनशास्त्रज्ञांनी कारण सुचवावे, असे त्यात होते. उमरावाने, नामवंत प्राध्यापकाने जाहीरपणे मदत मागितली होती. कामास येईल असे उत्तर एकही आले नाही.

पुढची दीड वर्षे त्यांनी एकेक शंका निकालात काढली. नायट्रोजन नायट्रिक ऑक्साइडपासून काढला, नायट्रस ऑक्साइडपासून काढला, अमोनियम नायट्राइटपासून काढला. हवेतला ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी तांब्याऐवजी लोखंड वापरले, मग लोखंडाचे ओले संयुग. शेवटी चित्र स्वच्छ झाले. हवेतून आलेला नायट्रोजन कसाही काढा, त्या गोलात तो २.३१० ग्रॅम भरे. रसायनातून आलेला कसाही काढा, २.२९९ ग्रॅम. मधला फरक अकरा मिलिग्रॅम. सराफाच्या जुन्या मापातली एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची. तिचा अकरावा भाग. लिटरच्या हिशेबात बोलायचे तर एक १.२५७२ ग्रॅम, दुसरा १.२५०५.

हलक्या नायट्रोजनमध्ये हायड्रोजन राहिला असेल का? मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला. तो शुद्धीकरणात पुरता निघून जात होता. रसायनातून निघालेल्या नायट्रोजनचे काही रेणू फुटून सुटे अणू झाले असतील का? मग ते हळूहळू पुन्हा जुळायला हवेत. म्हणून तो वायू आठ महिने तसाच ठेवून पुन्हा तोलला. घनतेत काही बदल नाही.

१९ एप्रिल १८९४ रोजी रॅली यांनी हे सगळे रॉयल सोसायटीत वाचून दाखवले. श्रोत्यांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम रॅम्झी होते. ग्लासगोचे, तेव्हा बेचाळिशी गाठत आलेले, हाताने काच फुंकण्यात तरबेज. सभेनंतर दोघे बोलले. रॅली यांचा कल असा होता की रसायनातून निघालेल्या नायट्रोजनमध्ये काहीतरी हलके मिसळले आहे. रॅम्झी यांना वाटले, हवेतल्या नायट्रोजनमध्ये काहीतरी जड आहे. त्याचा शोध घ्यायला त्यांनी परवानगी मागितली आणि ती लगेच मिळाली. दुसऱ्याच्या शोधाच्या उंबरठ्यावर उभे राहून आत येऊ का असे विचारणे, आणि आतल्याने दार उघडणे, हे विज्ञानाच्या इतिहासात वाटते तितके नेहमीचे नाही.

रॅम्झी यांच्याकडे एक हत्यार होते. लाल होईपर्यंत तापवलेले मॅग्नेशिअम नायट्रोजनशी संयोग पावते, हे त्यांनी आधी पाहिले होते. इतक्या सुस्त नायट्रोजनलाही धरून ठेवणारा हा धातू. त्यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशिअमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. वायू कमी होत गेला आणि जो उरला तो जड होत गेला. हायड्रोजनची घनता १ धरली तर नायट्रोजनची १४. उरलेल्या वायूची घनता १४ ओलांडून १६ झाली, मग १९ च्या वर गेली. २४ मे रोजी रॅम्झी यांनी रॅली यांना पत्रातून विचारले, आवर्तसारणीच्या पहिल्या ओळीच्या शेवटी वायुरूप मूलद्रव्यांसाठी जागा आहे, हे आपल्या मनात आले आहे का?

तिकडे रॅली यांच्या लक्षात कॅव्हेंडिश यांचा तो जुना प्रयोग आणून दिला गेला होता. एकशेनऊ वर्षांपूर्वीचे ते पान उघडून त्यांनी तोच प्रयोग नव्याने मांडला. तीच ठिणगी, तेच क्षाराचे द्रावण. फक्त हाताने फिरवायच्या यंत्राऐवजी बॅटरी आणि इंडक्शन कॉइल. कामाचा वेग कॅव्हेंडिश यांच्या तीसपट. बुडबुडा याही वेळी राहिला. एकाने मॅग्नेशिअमने नायट्रोजन खाल्ला, दुसऱ्याने ठिणगीने, आणि दोघांच्या हाती तोच वायू उरला.

आणखी एक प्रयोग त्यांनी केला, त्याचे मला विशेष अप्रूप वाटते. इंग्लंडात तंबाखू ओढायच्या लांब मातीच्या नळ्या मिळत, आपल्या चिलमीच्या जातीच्या. त्या एकमेकींना जोडून त्यांतून हवा सावकाश सोडली आणि बाहेरच्या बाजूने निर्वात ठेवले. मातीच्या सूक्ष्म भोकांतून हलके वायू लवकर पाझरतात, जड मागे राहतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला निघालेल्या हवेतून काढलेला नायट्रोजन नेहमीपेक्षा जड निघाला. इथे कोणतेही रसायन वापरलेले नव्हते, काही जाळले नव्हते. नुसत्या गाळण्याने वजन बदलते, याचा अर्थ हवेतला ‘नायट्रोजन’ हा एक पदार्थ नाही, ते मिश्रण आहे. शंकेला जागा उरली नाही.

१३ ऑगस्ट १८९४ रोजी ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात दोघांनी नव्या वायूची घोषणा केली. सभेचे अध्यक्ष मादान यांनी नाव सुचवले: आर्गन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ काम न करणारा, आळशी. पण घोषणेचे स्वागत सरळ झाले नाही. रसायनशास्त्रज्ञांना ते पचेना. मूलद्रव्य आहे आणि कशाशीच संयोग पावत नाही, म्हणजे काय? हा नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू असेल, ऑक्सिजनचा ओझोन होतो तसा, असे जेम्स ड्युअर यांनी सुचवले. आवर्तसारणीचे जनक मेंडेलीव्ह यांचाही कल तिकडेच होता. शंका घेणारी ही माणसे लहान नव्हती आणि त्यांची शंकाही पोरकट नव्हती.

३१ जानेवारी १८९५ रोजी लंडनमध्ये रॉयल सोसायटीची खास सभा भरली. अध्यक्षस्थानी लॉर्ड केल्व्हिन, श्रोते सुमारे आठशे. तिथे आर्गनची कुंडलीच मांडली गेली, आणि ती वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते: भौतिक गुणधर्मांचे रकाने भरगच्च, रासायनिक गुणधर्मांचा रकाना कोरा. घनता सुमारे २०. पाण्यात तो नायट्रोजनच्या अडीचपट विरघळतो. वर्णपटांचे जाणकार क्रूक्स यांनी पाहिलेल्या त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे त्याच्या उजेडाची रंगांत फोड केल्यावर दिसणाऱ्या, रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हत्या. पोलंडमधल्या क्राकूवला ओल्शेव्हस्की यांनी तो थंड करून द्रव केला, मग गोठवला. उणे १८७ अंशांच्या आसपास तो उकळतो आणि त्याच्या दोनतीन अंश खाली गोठतो. ठराविक अंशाला उकळणारा, ठराविक अंशाला गोठणारा, म्हणजे शुद्ध पदार्थ. आणि रासायनिक बाजू? ऑक्सिजन, हायड्रोजन, क्लोरीन, फॉस्फरस, गंधक, सोडिअम. तापवून, ठिणग्या पाडून, सगळे करून झाले. काही नाही. पॅरिसला म्वासां यांच्याकडे नमुना पाठवला. ज्याच्यापुढे काच टिकत नाही तो फ्लुओरीन म्वासां यांनीच प्रथम वेगळा काढला होता. फ्लुओरीनही आर्गनला हलवू शकला नाही.

तरी एक मोठा प्रश्न बाकी होता. ज्याचे एकही संयुग नाही त्याचे अणुवस्तुमान काढायचे कसे? तोवरचा सगळा मार्ग संयुगांतून जात होता. इथेही वाट भौतिकशास्त्रानेच दाखवली. नळीत बारीक भुकटी पसरून ध्वनीच्या लहरी सोडल्या की भुकटीचे ढीग पडतात, आणि ढिगांमधल्या अंतरावरून त्या वायूतला ध्वनीचा वेग कळतो. त्यावरून वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर निघते. दोन अणूंच्या रेणूला उष्णता दिली तर थोडी त्याच्या गिरक्या घेण्यात खर्च होते. अशा वायूंत हे गुणोत्तर १.४ च्या जवळ असते. एकट्या अणूला गिरकीचा खर्च नाही, म्हणून १.६६. आर्गनचे आले १.६६. म्हणजे याचा अणू एकटा राहतो, स्वतःच्या भावंडाशीसुद्धा जोडी करत नाही. मग घनतेच्या दुपटीने रेणूचे वस्तुमान सुमारे ४०, रेणू एकाच अणूचा म्हणून अणुवस्तुमानही तेवढेच झाले, आणि ‘तीन अणूंचा नायट्रोजन’ कोसळला.

पण ४० ने नवीच पंचाईत केली. पोटॅशिअमचे अणुवस्तुमान ३९.१. वजनाच्या क्रमाने आर्गन पोटॅशिअमच्या पुढे जायला हवा, आणि तसा तो ठेवला तर सगळी सारणी विस्कटते. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोज्ली यांनी १९१३ मध्ये मूलद्रव्यांचा खरा क्रम अणुवस्तुमानाचा नसून अणुक्रमांकाचा आहे हे दाखवले, तेव्हा ही गाठ सुटली.

आर्गनचे एखादे संयुग शोधताना रॅम्झी यांना भलतेच सापडले. ब्रिटिश म्युझियममधले हेन्री मायर्स यांनी त्यांना कळवले की अमेरिकेत हिलेब्रांड यांना युरेनियमच्या खनिजातून एक निष्क्रिय वायू मिळाला आहे, आणि तो त्यांनी नायट्रोजन म्हणून नोंदवला आहे. पुन्हा तोच सापळा: काहीच करत नाही, म्हणजे नायट्रोजन! रॅम्झी यांनी साडेतीन शिलिंगांचे क्लीव्हाइट खनिज विकत आणले, आम्लात उकळले, निघालेला वायू शुद्ध केला आणि वर्णपटदर्शकातून पाहिला. एक झळझळीत पिवळी रेषा होती, सोडिअमच्या रेषेजवळ, पण तिच्यावर नाही. नमुना क्रूक्स यांच्याकडे गेला. २३ मार्च १८९५ रोजी उत्तर आले. ही रेषा पृथ्वीवर कोणी पाहिली नव्हती. ती सूर्यावर पाहिली होती. तोच हेलियम.

इथे आपल्या कोकणाचा संबंध येतो, आणि तो नीट सांगायला हवा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरला सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट तपासला. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला ग्रहणाशिवाय त्या ज्वालांच्या रेषा पाहिल्या. पिवळ्या रेषेला कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याचा आधार मिळेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पुढे आले. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध १८६८ साली याच किल्ल्यावर लागला असे सांगतात. लॉकियर विजयदुर्गाला आले हे खरे आहे, पण ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून जवळपास तीन वर्षे झाली होती. तारीख दुरुस्त केल्याने किल्ल्याचा मान उणा होत नाही. ज्याने सूर्यातल्या त्या मूलद्रव्याची ओळख पटवण्यात मोठा वाटा उचलला, त्याच माणसाने विजयदुर्गाच्या तटावर दुर्बिणी लावल्या, एवढे सत्य अभिमानाला पुरेसे आहे.

त्याच १८९८ साली रॅम्झी आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी सारणीचा तो रिकामा स्तंभ भरून काढला. हवा द्रवरूप करण्याचे यंत्र नुकतेच निघाले होते. द्रव हवा सावकाश उकळू दिली की ज्याचा उत्कलनबिंदू कमी तो आधी निघून जातो. दारू गाळण्यातले तत्त्वच हे. मे महिन्याच्या शेवटी तळाच्या गाळात क्रिप्टॉन मिळाला, म्हणजे लपलेला. जूनमध्ये आर्गनच्या हलक्या भागात निऑन, म्हणजे नवा. नळीत वीज सोडताच त्याने प्रयोगशाळा किरमिजी उजेडाने भरून टाकली; त्याचे नाव रॅम्झी यांच्या तेरा वर्षांच्या मुलाच्या सूचनेवरून ठरले. जुलैमध्ये झेनॉन, म्हणजे परका. हवेच्या एक कोटी भागांत त्याचा एक भागही नसतो. वेगळे करण्याचे साधन एकच, उत्कलनबिंदू. ओळखण्याचे साधन एकच, वर्णपट. दोन्ही भौतिक गुणधर्म.

१९०४ साली स्टॉकहोमने एकाच कामासाठी दोन नोबेल पारितोषिके दिली: रॅली यांना भौतिकशास्त्राचे, रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे. कोणाचा वाटा किती हा वाद दोघांनीही कधी वाढवला नाही.

या गोष्टीचा एक धागा आपल्या देशातही येतो. मुंबईच्या जमशेटजी टाटांनी विज्ञान संशोधनाची मोठी संस्था काढायची योजना मांडली, तेव्हा ती तपासायला रॅम्झी यांना बोलावण्यात आले. १९०० च्या हिवाळ्यात ते इथे आले, देशभर हिंडले आणि संस्थेसाठी त्यांनी बंगळूरची शिफारस केली. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली. पहिले संचालक म्हणून आले ते ट्रॅव्हर्स. १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली तेव्हा जमशेटजी हयात नव्हते. पण जगात क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन सर्वांत आधी पाहणाऱ्या दोघांपैकी एकाने ती उभी केली.

परिणामांचा हिशेब करायचा तर सर्वांत मोठा परिणाम रसायनशास्त्राच्या गाभ्यातच झाला. १९१६ च्या सुमारास कोसेल आणि लुईस यांनी मूलद्रव्ये संयोग का पावतात याचे उत्तर या आळशी वायूंकडे पाहूनच दिले. यांच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉनांची भरती पूर्ण असते. हेलियमला दोन, बाकीच्यांना आठ. इतर अणू तीच पूर्णता गाठायला इलेक्ट्रॉन देतात, घेतात किंवा वाटून घेतात. सोडिअमने एक देऊन आणि क्लोरीनने एक घेऊन मीठ का होते, हे दहावीचा विद्यार्थी आज ज्या भाषेत लिहितो, ती भाषा निऑन आणि आर्गन सापडले नसते तर सुचणे कठीण होते. ज्याचा रासायनिक रकाना कोरा होता, त्याच्या आधाराने इतर सर्वांचे रकाने समजले. व्यवहारातही हाच कोरेपणा उपयोगी पडला. आपल्या औद्योगिक वसाहतींत ‘आर्गन वेल्डिंग’च्या पाट्या दिसतात. वितळलेल्या स्टेनलेस स्टीलवर किंवा ॲल्युमिनिअमवर हवेतला ऑक्सिजन तुटून पडू नये म्हणून वरून आर्गनचा झोत सोडतात. तिथे मोल आहे ते काही न करण्याचेच.

आणि तरीही ‘काहीच करत नाही’ हे वाक्य पूर्ण खरे ठरले नाही. कॅनडात व्हँकूव्हरला रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्या लक्षात आले की प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड हा वायू ऑक्सिजनच्या रेणूचासुद्धा इलेक्ट्रॉन ओढून काढतो, आणि झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते. २३ मार्च १९६२ रोजी त्यांनी दोन्ही वायू एकत्र येऊ दिले. गडद लाल वायू नाहीसा झाला आणि नळीत पिवळसर नारिंगी घन पदार्थ जमला. त्यानंतर पुस्तकांतले ‘निष्क्रिय वायू’ हे नाव मागे पडून ‘राजवायू’ रुळत गेले. आर्गन मात्र आणखी अडतीस वर्षे अढळ राहिला. २००० साली फिनलंडमधल्या हेलसिंकी येथे त्याचे हायड्रोजन आणि फ्लुओरीनशी पहिले संयुग तयार झाले, तेही गोठलेल्या आर्गनमध्ये. उणे २४० अंशांच्याही खाली तेवढे ते टिकते. थोडी ऊब लागली की मोडते, आणि आर्गन पुन्हा एकटा होतो.